दोरा बांधलेली वायर

सोमवार, ४ तारीख

ही वही चिरंजीवांनी आणून दिली होती, हे गेल्यानंतर. "आई, मनात येईल ते लिहीत जा, मोकळं वाटेल." म्हटलं, मनात येईल ते सगळं लिहिलं तर तुला वाचवणार नाही, बाळा. तेव्हापासून कोरीच पडली होती. आज उघडली ती मन मोकळं करायला नव्हे, गाडीची केस लिहून ठेवायला. जन्मभर हॉस्पिटलात मेट्रन होते. रोग्याची नोंद ठेवल्याशिवाय मला काही सुचत नाही.

रोगी: आमची गाडी. वय अठरा. तक्रार: चालताना ठणठणीत. पण वेग कमी करून थांबलं की दोन आचके देते आणि बंद. किल्ली फिरवली की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही. शिवाय काट्यांनी मान टाकलेली. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर चिकटून बसलाय, इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा तळाशी लोळतोय.

आज सिग्नलला बंद पडली. मागे हॉर्नवर हॉर्न. मी खिडकीतून हात बाहेर काढून म्हटलं, "जा की वरून, उडून जा!" कोणाला ऐकू गेलं नाही ते बरं झालं.

आणि नेमका घरी आल्यावर चिरंजीवांचा फोन. चोवीस तारखेच्या रविवारी येतोय, आणि "आई, ती गाडी आता काढूया, भंगारवाला घरून घेऊन जाईल." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गाडीला काही झालेलं नाही. तो म्हणाला, "बरं, मग मला स्टेशनवरून घरी आणून दाखव. वाटेत एकदाही बंद पडली नाही तर पुन्हा विषय काढणार नाही. पडली तर सोमवारी भंगारवाला." मी म्हटलं, ठरलं.

मी जाते कुठे गाडीने, हा प्रश्न रास्त आहे. भाजी, औषधं, आणि घरात बसवत नाही तेव्हा एक उगाच फेरी. पण दाराशी गाडी उभी असली की रस्त्याने जाणाऱ्याला वाटतं, घरात माणसं आहेत. मलाही वाटतं.

मंगळवार, ५

वन्संना फोन केला. केला एकदाचा.

ह्यांची ही धाकटी बहीण. सासऱ्यांचं गॅरेज होतं. हे कायम पुस्तकात डोकं घालून, आणि ही मुलगी तेलात कोपरापर्यंत हात घालून. स्वयंपाकघरात बसून रस्त्यावरून कोणाची गाडी गेली ते नुसत्या आवाजावरून सांगायची, हे मी ह्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की पाठ झालंय. हे दर रविवारी तिला फोन करायचे. कारण दर रविवारी आमच्या गाडीचं काही ना काही बिघडायचं. मग बॉनेट वर, फोन इंजिनाजवळ, आणि तासभर चालायचं, "आता? आता कसा येतोय आवाज?" मी आतून म्हणायचे, एवढ्या वर्षांत ह्या माणसाला एक गाडी धड दुरुस्त करता येऊ नये!

माझं आणि वन्संचं कधी जमलं नाही. लग्न होऊन मी घरात आले त्या आठवड्यात भरल्या ताटावर म्हणाल्या, "वहिनी, कुकरची शिट्टी होईपर्यंत तुम्ही त्याची नाडी धरून उभ्या राहता का?" सगळे खो खो हसले. हे सुद्धा. हे गेले तेव्हा वन्सं आल्या नाहीत. पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं म्हणे. म्हणे.

तर फोन लावला. पहिली रिंग पुरती वाजायच्या आत उचलला.

"वहिनी? तुम्ही?"

"हो, मीच. गाडी बंद पडते."

इतक्या दिवसांनी बोलताना माणूस काहीतरी बरं बोलतो. मला तेवढंच सुचलं. वन्संनीही वेळ घालवला नाही. "फोन इंजिनाजवळ न्या आणि चालू करा." चालू केली. घरघरली, आचके दिले, बंद पडली. फोन कानाला लावला.

"ऐकलंत ना?"

"ऐकलं. पुन्हा एकदा."

पुन्हा तोच खेळ. मधल्या मध्ये चिरंजीवांशी लागलेली पैज आणि काट्यांचं दुखणंही सांगून टाकलं. मग म्हणाल्या, "हं."

"हं म्हणजे काय?"

"हं म्हणजे असं एकदम सांगता येत नाही, वहिनी. एकेक करून बघत जायला लागेल. चिरंजीव कधी येणार म्हणालात?"

"चोवीसला."

"मग वेळ आहे. आज नुसती बॅटरी बघू. बाकीचं उद्या."

बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरी हिरवी बुरशी चढली होती. आधी काळी वायर सोडवायला लावली, मग लाल. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासलं. कोरडं केलं, लाल आधी, काळी नंतर, घट्ट आवळलं. गाडी चालू केली. आचके, बंद.

"तपासायचं ते सगळं एकदमच सांगा ना, लिहून घेते," म्हटलं. तर म्हणे, "तसं नाही होत." मोठमोठ्या डॉक्टरांचे नखरे बघितलेत मी, पण हिची तऱ्हा त्यांच्याही वरताण.

गुरुवार, ७

काल एअर फिल्टर. डबी उघडून जाळी बाहेर काढली तर आत धुळीचा लगदा आणि एक अख्खं पीस. कोणत्या पक्ष्याचं, कसल्या रंगाचं, सगळं विचारून घेतलं वन्संनी. पिसाचा आणि बंद पडण्याचा काय संबंध विचारलं तर म्हणाल्या, "संबंध नाही, पण सांगा."

आज त्यांना हवा होता रस्ता. पोर्चमध्ये ऊन कुठवर आलंय, समोरून कोण चाललंय, कुत्रं भुंकतंय ते आपलं की परकं. लहानपणापासूनच चौकस म्हणून प्रसिद्ध. तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, पडल्यापासून खाली उतरल्या नाहीत. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते आणि भिंतीवर एक पाइप, असं म्हणाल्या. मी म्हटलं, मग पाइप तपासा.

नवी जाळी बसवली. गाडी बंद पडलीच.

शुक्रवार, ८

इंजिनाच्या रबरी नळ्यांना कुठे चीर गेली की तिथून हवा आत शिरते आणि गाडी मरते. ती चीर डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते. वन्संनी बागेच्या पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा कापायला लावला. एक टोक कानात, दुसरं नळीवरून फिरवायचं, फिरत्या पट्ट्यापासून लांब. म्हटलं, हा तर माझाच धंदा! स्टेथोस्कोप! खुशीत येऊन छाती तपासावी तशी मी सगळं इंजिन तपासलं. पलीकडून, "मलाही ऐकू द्या की." मग टोक फोनला लावलं. अजून जरा, अजून जरा करत चहा गार होईपर्यंत ऐकत बसल्या. चीर कुठेही नाही.

फोन ठेवताना हसल्या. "वहिनी, कुकरचं लक्षात आहे का तुमच्या?" मी म्हटलं, नाही. आहे, पण सांगितलं नाही.

सोमवार, ११

आज वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पेपर आलाय का विचारायला तीनदा खाली आले. त्यांचा स्वतःचा पेपर त्यांच्या काखेत होता! पण मी हसले नाही. वॉर्डात असे रोगी असायचेच. घंटा वाजवायचे. गेलं की म्हणायचे, सिस्टर, पाणी हवंय. उशाशी पाण्याचा जग काठोकाठ भरलेला. नव्या पोरी वैतागायच्या, भरलेला जग दाखवून परत यायच्या. मी त्यांना शिकवायचे की काही बोलायचं नाही, जग उचलायचा, ओतायचा, ताजं पाणी भरून आणायचं आणि दोन मिनिटं उशी नीट करायची. माणूस ओळखायला शिकलं पाहिजे.

वरच्यांना बसवून चहा दिला. त्यामुळे वन्संना फोन करायला उशीर झाला, तर त्यांचा आवाज चढलेला. "आज नाही म्हणून आधी सांगायचं, वहिनी!" जसं काही मी त्यांची नोकर. आज काही तपासलं नाही.

मंगळवार, १२

आज गाडी चालूच होईना. मेली म्हटलं. संपलं सगळं. वन्संना फोन केला तेव्हा रडू येत होतं, खरं ते लिहावं.

"पेट्रोल आहे का?"

"काटा अर्ध्यावर आहे."

"वहिनी, काटा अर्ध्यावर चिकटलाय असं तुम्हीच सांगितलंत ना मला? काट्याचं राहू द्या. टाकीत आहे का? झाकण काढा, गाडी हलवा, कान द्या."

गाडी कशी हलवणार? पार्श्वभाग टेकवून धक्के मारले. वरचे गृहस्थ गॅलरीतून बघत होते. टाकीत खडखडाट! मी काट्यावर भिस्त ठेवून कोरड्या टाकीने हिंडत होते इतके दिवस. वन्सं हसून हसून खोकल्या. मग मलाही हसू फुटलं, गाडीला पाठ लावून उभ्या उभ्या हसत राहिले. कॅन घेऊन पेट्रोल आणलं. काटा तसाच अर्ध्यावर, निर्लज्ज. टाकीतला तरंगणारा गोळा अडकलाय म्हणाल्या, त्याला टाकी उघडावी लागेल, तोवर टाकी भरली की किलोमीटरचा आकडा शून्य करायचा आणि त्याच्यावर हिशेब धरायचा. "दादा तसंच करायचा." मला काय माहीत हे काय करायचे. मी बाजूच्या सीटवर बसायचे.

गुरुवार, १४

तापमानाचा काटा. हे काम दोघांचं आहे आणि घरात मी एकटी. इंजिनाच्या पुढच्या अंगाला बोटाएवढा पितळी सेन्सर आहे, त्याच्या डोक्यावर एक वायर. किल्ली अर्धी फिरवून ठेवायची, वायर काढायची आणि लोखंडाला टेकवायची. काटा वर उडाला तर काटा चांगला, सेन्सर मेला. नाही उडाला तर दुखणं काट्याचं किंवा वायरीचं. पण वायर इकडे, काटा तिकडे, आणि मध्ये उघडं बॉनेट. बघणार कोण?

"चेहरा दिसतो तो फोन लावा," वन्सं म्हणाल्या, "आणि मला स्टिअरिंगवर टेकवून ठेवा. मी बघते काटा."

तसा फोन लावला. आणि वन्सं दिसल्या. किती वर्षांनी. केस पांढरेफटक, पण नीट विंचरून बांधलेले. चेहरा एवढासा झालाय. मागे भिंतीला ती चार पायांची चालायची चौकट टेकवलेली. म्हणजे खुब्याचं खरंच होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "वहिनी, तोंडाला काळं लागलंय तुमच्या." माझा पदर तोंडाकडे गेला, तो आधीच काळा झालेला.

त्यांना स्टिअरिंगवर टेकवलं आणि वायर काढायला गेले. तर तिची क्लिप झिजून पार गुळगुळीत, धरूनच ठेवत नाही. वरून पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. हा ह्यांचा उद्योग! चांगल्या क्लिपचं काय करून ठेवलं होतं कोण जाणे. बरं, बांधायचं तर पक्की गाठ मारावी, तर तीही नाही. एक टोक ओढलं की सुटते तशी, बुटाच्या नाडीसारखी. मी तिथूनच ओरडून सांगितलं वन्संना, तुमच्या दादाचा आळशीपणा बघा, धड गाठसुद्धा मारली नाही. त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं फोन कटला.

"वन्सं! आहात ना?"

"आहे. टेकवा वायर."

टेकवली. आतून एवढ्या मोठ्याने ओरडल्या, "उडाला! वहिनी, उडाला!" की वरचे गृहस्थ पुन्हा गॅलरीत आले.

शनिवार, १६

नवा सेन्सर मी बसवला. मी! इंजिन पूर्ण गार असताना, जुना काढला की पाणी वाहतं म्हणून नवा हाताशी तयार ठेवून, झटकन. थोडं हिरवं पाणी सांडलं, तेवढं पुन्हा भरलं. वायर लावून दोरा होता तसाच बांधला. इंजिन तापलं तसा काटा हळूहळू उठला आणि मध्यावर येऊन थांबला. मी त्या काट्याकडे बघत बसले. गाडी आचके देऊन बंद पडली तरी वाईट वाटलं नाही.

वन्सं म्हणाल्या, आता चालत्या गाडीत आवाज ऐकायला हवा. फोन बाजूच्या सीटवर ठेवला, पट्टा लावून, नाहीतर घसरतो. निघालो. कुठे वळलात, आता डावीकडे काय आहे, विचारत होत्या. मी सांगत गेले. शाळेचं फाटक नव्याने रंगवलंय. बेकरीबाहेर रांग. नदीवरचा पूल, पाणी कमी. चौकात बंद पडली, पुन्हा चालू केली. "त्याची काळजी करू नका, पुढे चला," म्हणाल्या. बागेला वळसा घातला, मग म्हणाल्या, परत एकदा पुलावरून. घरी येईपर्यंत दुपार झाली. आता लिहिताना लक्षात येतंय की पुलानंतर त्या इंजिनाबद्दल काही बोलल्याच नाहीत. तपासणी अर्धवट राहिली म्हणायची.

रविवार, १७

रविवारी फोन नको म्हणतात वन्सं. गेल्या रविवारीही नको म्हणाल्या. कारण सांगत नाहीत. रविवारी काय एवढं मोठं काम असतं कोण जाणे. आठवडा उरलाय आणि ह्यांना सुट्टी हवी!

सकाळी बॉनेट उघडून उभी राहिले. एकटीने बघण्यासारखं काही नव्हतं. बंद केलं. दिवस संपता संपेना.

बुधवार, २०

काल चारही स्पार्क प्लग काढून साफ केले. फरक शून्य. आज सकाळी धीर सुटला. वन्संना न सांगताच गाडी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. मोबाइलवर बोलत बोलत आला, बॉनेटलाही हात लावला नाही, आवाज ऐकला आणि म्हणाला, "काकू, थ्रॉटल चोक झालंय. हवा आत जायचा दरवाजा. काजळी धरलीय. कोणीही सांगेल आवाजावरून." डबीतला फवारा मारला, फडक्याने पुसलं. तेवढंच. गाडी दाराशी उभी राहून मांजरासारखी गुरगुरत होती. बॉनेट पाडता पाडता म्हणाला, "ती सेन्सरची क्लिप किती वेळा काढलीत हो? शंभरदा काढल्याशिवाय अशी झिजत नाही. नवी टाकू?" मी म्हटलं, नको, राहू दे. माझं लक्ष तिकडे नव्हतंच.

कोणीही सांगेल आवाजावरून.

घरी येऊन फोन लावला.

"वन्सं, थ्रॉटल होतं. तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी."

"पहिल्या दिवशी!"

"पहिल्या आचक्यालाच, वहिनी."

"मग ती बॅटरी? तो पाइप कानात घालून मी तासभर... मला खेळवत होतात? अन् गाडी भंगारात गेली असती म्हणजे?"

"शनिवारी सांगणार होते. रविवारच्या आत. सगळं ठरवून ठेवलं होतं मी. थ्रॉटल शेवटी."

"वा! ठरवून!" म्हटलं, तुम्ही अजून त्या जेवणाच्या टेबलावरच आहात, वहिनीची फजिती बघत. एवढं बोलले आणि फोन ठेवला. अजून बरंच बोलायला हवं होतं. एक म्हातारी बाई पोर्चमध्ये तोंड काळं करून घेतेय आणि दुसरी तिकडे बसून मजा बघतेय. चौकशांची एवढीच हौस होती तर मला आणखी काहीही विचारायचं होतं. सांगितलं असतं.

शुक्रवार, २२

फोन वाजला नाही. मीही केला नाही. काल सवयीने सकाळी जुना गाऊन घालून पोर्चमध्ये गेले, मग आठवलं. गाडीला काहीच झालेलं नाही.

रविवार, २४

जिंकले. स्टेशनवरून घरापर्यंत सगळे सिग्नल लाल लागले, एकूण एक. प्रत्येक वेळी बॅग घेऊन मागे बसलेले चिरंजीव वाकून डॅशबोर्डकडे बघायचे आणि गाडी आपली शांत. घरी आल्यावर म्हणाला, "मान गये, आई. ठेव गाडी." आणि माझे हात बघून, "हे काय करून घेतलंस?" नखांत काळं अजून आहे. निघत नाही.

जेवताना म्हणाला, "आत्याकडे कामाला येतात त्या मावशींशी बोलणं झालं. आत्या म्हणे हल्ली पहाटे उठून, अंघोळ करून, केस विंचरून फोन मांडीवर घेऊन बसायची. मावशींना म्हणायची, भांड्यांचा आवाज करू नका, मला इंजिन ऐकायचंय. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच वेळेवर जेवत होती. तू कधीपासून बोलायला लागलीस तिच्याशी?"

"गाडीपुरतं," म्हटलं.

"आता?"

"आता गाडी दुरुस्त झाली."

संध्याकाळी त्याला स्टेशनवर सोडलं. येताना पुलावर गाडी थांबवली. बाजूच्या सीटचा पट्टा लावलेला होता, फोन ठेवला होता त्या शनिवारपासून तसाच. मी काढला नव्हता. काढवला नाही.

मंगळवार, २६

बॉनेट उघडलं. काही कारण नव्हतं. क्लिप बघितली, बोटाने चाचपली. शंभरदा काढल्याशिवाय अशी झिजत नाही म्हणाला होता तो. दोऱ्याची गाठ बघितली. एका बोटाने सुटेल अशी. माझ्या नवऱ्याने मारलेल्या गाठी मी ओळखते. सामान बांधायचे तेव्हा त्यांच्या गाठी कात्रीशिवाय सुटत नसत, त्यावरून आमची भांडणं व्हायची. आळशी माणूस नव्हता तो.

दर रविवारी. आणि मी आतून ओरडायचे की एवढ्या वर्षांत एक गाडी धड करता येत नाही.

बराच वेळ तिथेच उभी होते. वरच्या गृहस्थांनी गॅलरीतून विचारलं, "काय झालं, पुन्हा बिघडली का?" मी म्हटलं, नाही हो. वाटतं, त्यांनाही जरा वाईट वाटलं.

रविवार, ३१

आज रविवार. रविवारी फोन नको असतो हे माहीत असून केला.

सकाळी गाडी चालू केली, तापू दिली. काटा मध्यावर आला तसा बॉनेट उघडून दोऱ्याचं टोक ओढलं. दोरा खिशात ठेवला, वायर काढून बाजूला केली आणि आत जाऊन बघितलं. काटा तळाशी. मग फोन लावला.

रिंग वाजत राहिली. आज लगेच उचलला नाही. मी ठेवणार तेवढ्यात उचलला.

"वन्सं, गाडी बिघडली. ऐकताय ना? तापमानाचा काटा पडलाय."

घसा साफ केल्याचं ऐकू आलं. "कसा पडला? हळूहळू उतरला की एकदम?"

"एकदम. तळाशी."

मी फोन कानाशी दाबून उभी. इंजिन आपलं चालू, बिनतक्रार, एक आचका नाही. हिला नुसत्या आवाजावरून सगळं कळतं हे मला तेव्हा आठवलं, आणि खोटं बोलताना पकडल्या गेलेल्या पोरीसारखे कान तापले.

मग वन्सं म्हणाल्या, "दोरा सोडलास की कापलास?"

"सोडला."

"जपून ठेव. दादाही खिशात ठेवायचा. बरं. काटा पडलाय म्हणतेस. असं एकदम नाही सांगता येणार. एकेक करून बघायला लागेल."

"बघू. मला कुठे जायचंय?"

"आज नुसती बॅटरी. सोडा आहे का घरात?"

"आहे."

"मग जा, पाणी कोमट कर. फोन ठेवू नकोस, इंजिनाजवळ राहू दे. मी ऐकतेय."

फोन बॅटरीशेजारी ठेवला आणि पाणी तापवायला आत आले. बॅटरी लख्ख आहे, मीच घासलीय. पुन्हा घासली. फिल्टर उद्या.